अर्ध्या अक्षराचा रुपया

माणिक, तू मेलास ते बरं केलं नाहीस. तुझं एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. ते बोलून मग कुठंही जायचं होतंस, मी काही तुझा सदरा धरून ठेवला नसता.

तेरावं झालं. पंगती उठल्या. तुझ्या सुधाकरनं सगळ्यांना सांगितलंय की बाबांच्या आठवणींची एक लहान पुस्तिका छापायची आहे, ज्यानं त्यानं चार चांगले शब्द लिहून द्या. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, तुमी तर बाबांचे सगळ्यात जुने दोस्त. पहिलं पान तुमचं." मी म्हणलं, चांगले शब्द तुला बाकीच्यांकडून लय भेटतील, मी खरे लिहितो, छापायची हिंमत असंल तर छाप. तो हसला. त्याला वाटलं म्हातारा गंमत करायलाय.

मी तिसरीतून उठलेला माणूस. ओळ सरळ येत नाही, पेन्सिल दाबून दाबून बोट दुखतं. सून म्हणाली, मामा, तुमी लिहा, मी शुद्ध करून देते. मी नको म्हणलं. घासूनपुसून चकचकीत केलेल्या गोष्टीचं काय होतं ते मला एकदा कळलंय. तुझ्यामुळंच कळलंय.

झरीच्या शाळेत आपण एका बसकरावर बसलो. मी मेंढरामागं गेलो, तू शिकत राहिलास, पुढं सेलूत उस्तादाच्या हाताखाली घड्याळं शिकलास आणि त्याच्याच दुकानात म्हातारा झालास. मधली चाळीस वर्षं आपली भेट म्हणजे लग्नात नाहीतर मयतीत. मग मी मेंढरं पोराच्या हवाली केली आणि रिकामा झालो. त्याच साली गावाबाहेरच्या पांढरीत, जुनं गाव जिथं बसलेलं होतं त्या मातीत, मोठ्या पावसानंतर मला तो पहिला रुपया दिसला. काळाठिक्कर. त्यावर चार मिनारं, दुसऱ्या अंगाला फारशी. गावात कुणाला वाचता येईना. म्हून एस.टी. बदलून तुझ्याकडं आलो.

तू डोळ्याला भिंग लावलंस. लय वेळ बघितलंस.

"निजामाचा रुपया हाय, किसनशेठ. हाली सिक्का. कुठून चोरलास?"

"जमिनीनं दिला."

"जमीन तुला कशाला देती? ती तर पाटलाकडं बी बघना."

किसनशेठ हे नाव तू तिथंच ठेवलंस, मला चिडवायला. मी चिडलो नाही. त्या दिवशी तुझ्या बाकावर घड्याळ घ्यायला आलेला माणूस तासभर बसून राहिला आणि कंटाळून निघून गेला, तुझं लक्षच नव्हतं. त्या एका नाण्यानं मला आधी नादी लावलं आणि तुला नंतर. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं तू सगळ्यांना सांगायचास की किसनला नाण्यांचा नाद मी लावला. खोटं. नाद मी तुझ्याकडं घेऊन आलो, एस.टी.चं तिकीट काढून.

मग दर बाजारच्या दिवशी मी सेलूला. तू दुकानात बसून गोळा केलंस, मी पायानं. तुझ्याकडं गिऱ्हाईक यायचं, घड्याळाच्या डबीत आज्याचा एखादा सिक्का निघायचा, तू गोड बोलून ठेवून घ्यायचास. मी मेंढरांच्या जुन्या वाटा धरल्या. जिथं जिथं मेंढरं बसवली होती त्या प्रत्येक गावात मला ओळखणारं एक तरी म्हातारं माणूस निघायचं. कुणाच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीपुढं चवन्नी, कुणाच्या गळ्यातल्या माळेत कडी डागलेला रुपया, कुणाच्या पोत्याच्या तळाला भोकाचा पैसा. मी नाण्यापायी कोकरू दिलं, लोकर दिली, एका घरी तर तीन दिवस त्यांचं आजारी मेंढरू सांभाळलं. तुला हे सांगितलं की तू म्हणायचास, "येडा हायस." आणि मग हात पुढं करायचास, "दाखव."

एक उपकार आहे तुझा, तो मी झाकत नाही. फारशी आकडे तू मला शिकवलेस. तुझ्या उस्तादानं तुला शिकवले होते, तू मला. सात म्हणजे वर केलेली शिंगं. आठ म्हणजे रानात ठोकलेलं पाल. पाच म्हणजे पालथं धरलेलं पिंपळपान. शून्य म्हणजे नुसतं टिंब. माझ्या तळहातावर तू चिमट्याच्या टोकानं गिरवून दाखवायचास. शाळेत गुरुजीनं छडी घेऊन जे डोक्यात घातलं नाही ते तू त्या बाकावर घातलंस. साठीच्या पुढं मला सिक्क्यावरचं साल वाचता यायला लागलं. पहिल्यांदा स्वतःहून वाचलं तेव्हा तू भिंग काढून माझ्याकडं बघत राहिलास आणि म्हणालास, "गुरुजी आज पाहिजे होते." त्या दिवशी तू चांगला होतास. बरेच दिवस चांगला होतास. म्हून तर दगा लागला.

प्रदर्शनाचं तुला आठवतं का नाही ते मला माहीत नाही. मला आठवतं. सेलूच्या एका शाळेत गावातल्या छंदवाल्यांनी आपापली चीजवस्तू मांडायची होती. बाहेरून एक जाणकार पाहुणे तपासायला येणार होते. तू म्हणालास दोघांचे टेबल शेजारी शेजारी लावू. मला लय आनंद झाला. आयुष्यात मी कधी कुठं काही मांडलं नव्हतं. मी मेंढरं विकायला बाजारात उभी केली तेवढंच.

आठ दिवस आधी मी सगळी नाणी दस्तीत बांधून तुझ्या दुकानात आणली. विचारलं, "माणिक, हे असे काळे न्यायचे का रे लोकांपुढं? आमच्यात देव उजळल्याबिगर पाटावर बसवत न्हाईत. चिंचेनं घासू का?"

तुझ्या डोळ्याला भिंग होतं. हातात कुणाचं तरी घड्याळ होतं. तू वर बघितलं नाहीस. म्हणालास, "तुझे नाणे हायत. तू बघ."

बस, एवढंच. माणिक, ह्या एवढ्यावर मी पाच वर्षं तुझ्याशी भांडलोय आणि अजून भांडायलोय.

घरी माझ्या सखूनं चिंच भिजत घातली. चुलीची राख चाळली. काथ्याच्या चोया केल्या. मी आणि ती तीन दिवस अंगणात बसून घासत होतो. तांब्याचे पैसे नवीन घागरीसारखे गुलाबी झाले. चांदी अशी पांढरी झाली की सखू म्हणाली, "लग्नात नवरदेव बी एवढा उजळला न्हवता." मी नवरदेवाची बाजू घेतली. लय हसलो आम्ही. लाल मांजरपाट आणून त्यावर मांडायची तालीम केली. अख्ख्या वाडीवस्तीतला माणूस बघून गेला.

तो पाहुणा माझ्या टेबलापुढं थांबला. एक नाणं उचललं, दुसरं उचललं, तिसऱ्याला हात लावला नाही. म्हणाला, "बाबा, हे कुणी घासलं?"

मी ताठ होऊन सांगितलं, "मी आणि माझ्या मालकिणीनं."

त्यानं चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो, हळू आवाजात बोलला. "ह्याच्यावर शंभर वर्षांचं कातडं होतं बाबा. तुमी सोलून काढलं. आता ह्यात बघण्यासारखं राहिलं न्हाई."

कातडं सोलणं म्हणजे काय हे त्यानं कुणाला सांगितलं? मला. मी जन्मभर मेंढरं सोललेली बघितली. सोललेल्या मेंढराला पुन्हा लोकर येत नाही. मला दुसरं कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. आणि शेजारच्या टेबलावर तुझी नाणी होती. सगळी काळी, सगळी मातकट, एकाला बोट लावलेलं नाही. पाहुणा तुझ्यापाशी अर्धा तास उभा राहिला. तुला कागद मिळाला, शिक्का मारलेला. तू तो चौकटीत घालून दुकानात लावलास, घड्याळांच्या मधोमध. मी बाकावर बसलो की तो बरोबर माझ्या डोळ्यापुढं यायचा.

तरी मी तेव्हा काही बोललो नाही. मला वाटलं, त्याला बी माहीत नसंल. नशीब त्याचं, आळशी माणूस, घासायचा कंटाळा केला आणि वाचला.

मग दोन महिन्यांनी ती बाई आली. बापाचं जुनं घड्याळ घेऊन. म्हणाली, तबकडी पिवळी पडलीय, घासून पांढरी करून द्या. आणि तू तिला काय म्हणालास? "बाई, जुन्या तबकडीला हात लावायचा न्हाई. हे पिवळेपण घासलं की वस्तू मेली. माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं." बोलून गेलास, आणि मग तुला आठवलं की मी बाकावर बसलोय. तुझ्या हातातला चिमटा खाली पडला. तुझा चिमटा कधी पडत नव्हता माणिक. मी तो उचलून दिला.

बाई गेल्यावर मी म्हणलं, "तुला माहीत होतं."

"काय?"

"घासायचं नसतंय ते."

"मी घड्याळजी हाय, किसनशेठ. नाण्याचं मला काय माहीत?"

"उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं म्हणलास आत्ता."

"घड्याळाचं शिकवलं."

"माझ्याकडं बघून सांग."

तू भिंग लावलंस.

कधी कधी माझ्या मनात येतं की खरंच तुझ्या डोक्यात आलं नसंल, कामात होतास, कान नव्हता. असं मनात आलं की मी ते हुसकावून लावतो, कळपात शिरलेल्या कुत्र्यासारखं. कारण तसं असतं तर तू सरळ सांगितलं असतंस. तू मला फक्त एवढं म्हणायचं होतंस की किसन, मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. बाकी काही नको होतं. माफी बी नको होती.

पुढच्या साली मला तो रुपया मिळाला. पूर्णेच्या बाजूला एका वाडीत एक म्हातारी, तिच्या कणगीच्या बुडाशी चिंधीत बांधलेला. चारमिनारच्या कमानीत राजाच्या नावाचं अक्षर असतंय, हे तूच मला शिकवलेलं. ह्या रुपयावर ते अक्षर अर्धंच होतं. सुरुवातीला थोडे दिवस तसे पाडले आणि मग पूर्ण अक्षराचे पाडले, असं तू सांगायचास, आणि सांगताना तुझा आवाज बारीक व्हायचा. तुझी सगळी रांग लागली होती, ह्या एका घराशिवाय. म्हातारीला पैसे नको होते. तिनं माझ्या खांद्यावरची घोंगडी मागितली. सखूनं स्वतः लोकर कातलेली, काळीभोर. मी उतरवून दिली. घरी आल्यावर सखू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या माणकूला दाखवाया माझी घोंगडी घातली ना?" तिला सगळं कळतं.

ह्या रुपयाला मी पाण्याचा थेंब लागू दिला नाही. जसा काळा मिळाला तसा तुझ्यापुढं धरला. तुझ्या हातात दिला नाही, माझ्याच बोटात धरला. तू भिंगातून बघितलंस. तुझा हात आपोआप वर आला.

"दे इकडं."

"आधी बोल."

"काय बोलू?"

"तुला माहीत होतं का न्हाई."

"किसन्या, येडेपणा करू नको. काय पाहिजे ते माग. अख्खी चवन्न्यांची रांग घेऊन जा."

"एक वाक्य दे. रुपया तुझा. फुकट."

तू दिलं नाहीस. आणि मी रुपया दिला नाही. दर बाजारच्या दिवशी मी यायचो, चहा प्यायचो, जाताना बंडीच्या खिशातून रुपया काढून तुला दाखवायचो. तू म्हणायचास, "मरताना संगं नेणार हायस का?" मी म्हणायचो, "तुला मिळणार न्हाई एवढं नक्की." लोकांना वाटायचं दोन म्हाताऱ्यांचा खेळ चाललाय. खेळ नव्हता. मला तुला तळमळताना बघायचं होतं. बघितलं बी. त्यात मला सुख होतं, हे मी लिहून देतो, सुधाकरला छापायचं तर छापू दे. पाऊस असला, ताप असला, गाडी चुकली तरी मी तुला तळमळवायला आलो. एक बाजार चुकवला नाही.

मागच्या महिन्यात निरोप आला की तू अंथरूण धरलंस. मी आलो. तू निम्मा झाला होतास. सुधाकरची बायको उशाला बसली होती, तिला तू हातानं बाहेर जा म्हणलंस. मला वाटलं आता बोलतोय. मी खिशात हात घातला, रुपया मुठीत धरला. खरं सांगतो, द्यायच्या तयारीनं धरला.

तू म्हणालास, "किसनशेठ."

"बोल."

"त्या दिवशी तुझे नाणे... लय लखलख करायलते रे."

एवढं बोललास आणि हसलास. दात नव्हते, नुसता ओठ हलला. आता हे काय होतं माणिक? टोमणा होता का कबुली होती? मी अर्धा तास बसून होतो की पुढं काहीतरी येईल. तू डोळे मिटलेस. मी म्हणलं, "हे ते वाक्य न्हाई." तू डोळे न उघडता म्हणालास, "माहीत हाय." मग मी उठलो. रुपया परत खिशात टाकला आणि गाडी धरली. पाचव्या दिवशी खबर आली.

तुला अंगणात ठेवलं होतं. आंघोळ झाली, नवं कापड झालं. कपाळाला रुपया लावायचा म्हून सुधाकर इकडंतिकडं बघायला लागला. त्याच्याकडं नोटाच होत्या. तो माझ्याकडं वळला, "काका, तुमच्याजवळ नाणं असंल ना एखादं?" साऱ्या माणसांत मलाच विचारलं. माझा हात खिशातच होता. माझ्या बोटाला कमानीतलं ते अर्धं अक्षर लागत होतं. मी म्हणलं, "सुटे न्हाईत." मग कुणीतरी दहाचा नवा ठोकळा दिला, कुंकवात बुडवून तुझ्या कपाळाला चिकटवला. पिवळा, चमचमता. मला वाटलं तू आता उठून बसतोस आणि म्हणतोस, हे काय भंगार लावलं. तू उठला नाहीस. तुझा हट्ट तेवढाच होता म्हणायचा.

तेराव्याला सगळे पांगल्यावर सुधाकरनं आतून तुझा संग्रह आणला. तुझ्या हातचे ते पुठ्ठे, प्रत्येक नाण्याला घड्याळाच्या हत्यारानं गोल कोरलेलं घर, खाली तुझं टाकानं काढल्यासारखं अक्षर. माझ्या मांडीवर ठेवला.

"बाबा म्हणले, हे किसनकाकाला द्या."

"आणखी काय म्हणला?"

"काही न्हाई."

"आठव जरा. माझ्याबद्दल, नाण्याबद्दल, प्रदर्शनाबद्दल?"

"न्हाई काका. नुसतं द्या म्हणले. मग पाणी मागितलं."

मी घरी येऊन पुठ्ठे उघडले. रुपयांच्या रांगेत ते एक घर रिकामं. त्याच्याखाली लिहिलेलं होतं, 'अर्धे अक्षर.' आणि त्याच्या खाली बारीक, 'किसनकडे आहे.'

तेव्हा मला तुझी चाल कळली, माणिक. तू लय हुशार. संग्रह माझा झाला म्हणजे घर माझं झालं. घर माझं झालं की मी आज ना उद्या त्यात रुपया बसवणारच, माझाच रुपया माझ्याच घरात, कुठलं शहाणं माणूस रिकामं ठेवील? आणि तुझी रांग पूर्ण. वाक्य न बोलता. मरून बी फुकटात काम काढून घ्यायला निघालास.

मी उठलो. माडीवरून माझी गाठोडी काढली, चिंचेनं घासलेली नाणी. पाच वर्षं उघडली नव्हती. त्यातला पांढराफटक रुपया निवडला, सखूनं नवरदेव म्हणलेला तो. तुझ्या रिकाम्या घरात बसवला. नीट बसला. तुझी अख्खी रांग काळी, आणि मधे तो एक, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या कवळीच्या दातासारखा. आता जो कुणी हे बघायला येईल तो विचारणार, बाबा, हा एकच असा का? मी त्याला सगळं सांगणार. पहिल्यापासून. भिंग, चिमटा, ती बाई, सगळं. सेलूत परत प्रदर्शन झालं तर तिथं बी मांडणार, तुझ्या नावाची पाटी लावून. जोवर मी आहे तोवर तुझ्या रांगेत त्याच्यावर बोट ठेवून दाखवणार. तू रांग पूर्ण करून घ्यायला बघितलंस ना, घे पूर्ण करून.

सखू मागं उभी होती. बघून म्हणाली, "मेलेल्या माणसाशी बी जिंकायचं हाय का तुमाला?"

मी म्हणलं, "तो मेला म्हून काय हरला का?"

ती म्हणाली, "बाजारचा दिवस हाय उद्या. जायचं हाय का?" आणि पिशवी काढून खुंटीला लावून ठेवली, दर वेळी ठेवती तशी. तुझं दुकान आता बंद आहे हे तिला माहीत आहे.

आणि अर्ध्या अक्षराचा रुपया? तो माझ्याच खिशात आहे. सुनेला सांगून ठेवलंय. मी गेलो की कपाळाला तो लावायचा, दुसरा नाही. घासायचा नाही, पुसायचा नाही, आणि कुणी काढायला लागलं तर काढू द्यायचा नाही. मी तो लावून येतो, माणिक. तुझ्यापुढं उभा राहतो. तुझा हात वर येईल, मला माहीत आहे.

आधी बोलायचं. मग हात लावायचा.